धार तर चांगली हाय

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेदहाला मावसभावाचा फोन आला. तो उजनीच्या पाण्याच्या मधोमध बसला होता आणि होडीत मुंबईहून आलेले सहा जण मोठमोठ्या लेन्स मांडीवर घेऊन गप्प होते. "मशीन परत धरलंय," दादा म्हणाला. धरलंय म्हणजे होडीचं इंजिन तापून जाम झालंय. "धार तर चांगली हाय. मग धरतंय कशानं?"

दादा भिगवणजवळच्या एका गावचा. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि मावशीच्या सासरची नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली. त्याच पाण्यावर दादा आता पोट भरतो. पूर्वी नुसती चिलापी धरायचा, गेली काही वर्षं हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो. होडी फायबरची, आणि मागे लावलेलं मशीन म्हणजे दोन सिलिंडरचं, १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. कोकणातले लोक ज्याला ओबीएम म्हणतात ते. चार वर्षांपूर्वी त्यानं ते हर्णैकडच्या एका मच्छीमाराकडून जुनं घेतलं होतं. ही शेवटची गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. तिचा अर्थ लावायला मी पाच आठवडे घेतले.

माझी ओळख एवढीच, की चिंचवडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं मेंटेनन्सला काढली. कूलिंग टॉवर, चिलर, पंप यांच्याशी संसार केला. त्यामुळे नातेवाइकांत कुणाचाही मिक्सर बिघडला की फोन मला येतो, आणि मलाही नाही म्हणवत नाही. आउटबोर्डला मात्र मी तोवर हातही लावलेला नव्हता.

पुढच्या शनिवारी पहाटे निघालो. सोलापूर रस्त्यानं पुण्यापासून शंभरेक किलोमीटर. काठावर पोहोचलो तेव्हा दादा चहा घेऊन उभाच होता. मशीन सुरू केलं. आउटबोर्डच्या मागच्या बाजूला एक छोटं भोक असतं, त्यातून पाण्याची पिचकारी सतत बाहेर पडते. इंजिनात पाणी फिरतंय याची ती खूण. सगळे होडीवाले मशीन सुरू केल्यावर आधी मागे वळून ही धार बघतात. दादाची धार खरंच बघण्यासारखी होती, चांगली हातभर लांब जात होती.

आम्ही पाण्यात गेलो. हळू चालवलं, काही नाही. मग दादानं मूठ पूर्ण पिळली. अठरा-वीस मिनिटांनी इंजिनाचा आवाज जड झाला, वेग आपोआप उतरला आणि गरम रंगाचा वास आला. बंद करून कव्हर काढलं आणि वरच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकला, तर तो तव्यावर टाकल्यासारखा नाचून उडाला. धार शेवटच्या क्षणापर्यंत तशीच होती. पंधरा मिनिटं थांबलो, मशीन पुन्हा सुरू झालं. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासायला लागतो, गार झाला की सुटतो. असं किती वेळा चालेल याचा भरवसा नसतो. एक दिवस तो सुटतच नाही.

काठावर आल्यावर ठरल्या क्रमानं एकेक गोष्ट तपासत गेलो. पाणी आत ओढणाऱ्या जाळ्या खाली पंख्याच्या वर दोन्ही बाजूंना असतात. उजनीत जलपर्णी अमाप, तिची केसांसारखी मुळं जाळीत अडकतात. पुण्याची मुळा-मुठा शेवटी भीमेतूनच इथे येते, तेव्हा ही जलपर्णी पोसण्यात माझ्याही घराचा वाटा आहे, हे दादा मला दरवेळी ऐकवतो. पण जाळ्या स्वच्छ होत्या, तो रोज काढतो. मशीन होडीला फार उंच बसवलं तर पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो. तेही बघितलं, पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत होती. पेट्रोलमध्ये ऑइल पन्नासाला एक, बरोबर. फक्त ऑइल पेट्रोल पंपावरचं, मोटरसायकलचं होतं. ते हवेनं गार होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, जळल्यावर त्याची राख राहते; पाण्यानं गार होणाऱ्या मशीनसाठी टीसी-डब्ल्यू३ नावाचं वेगळं येतं. त्यावरून मी दादाला थोडं बोललो. बोलायला काहीतरी सापडलं याचं मला बरंच वाटलं.

स्पार्क प्लगही काढून बघितले. खालचा चॉकलेटी, वरचा पांढुरका. वरच्याच्या टोकावर बारीक दाणे होते. मी ते बघितलं, 'कार्ब्युरेटरचं काहीतरी असेल' म्हणून प्लग पुसले आणि परत लावले. उत्तर त्या दिवशी माझ्या तळहातावर होतं.

माझं मन पंपावर बसलं होतं. पंप म्हणजे माझा प्रांत. आउटबोर्डचा पंप खाली गिअरकेसच्या डोक्यावर असतो आणि इंजिनाकडून पंख्याकडे जाणारी उभी दांडीच त्याला फिरवते. दांडीवर सहा पात्यांचा रबरी इम्पेलर, आणि तो मधोमध न बसता जरा एका अंगाला बसवलेल्या स्टीलच्या वाटीत फिरतो. मशीन हळू असताना पाती वाटीला घासत पाणी ढकलतात, वेग वाढला की पाण्याच्या दाबानं पाती मागे वाकतात आणि तोच पंप सेंट्रिफ्युगलसारखा, म्हणजे पाणी गरगरा फिरवून बाहेर फेकणाऱ्यासारखा, वागायला लागतो. एका रबरी चकतीत दोन पंप! ज्यानं हे काढलं त्याला माझा नमस्कार. फक्त कोरडा फिरवला तर मिनिटभरात रबर जळतं.

मशीन पुण्याला आणायचं ठरलं. चाळीसेक किलोचं धूड गोधडीत गुंडाळून दादाच्या ओळखीच्या टेम्पोत घातलं आणि ते कांद्यांच्या पोत्यांबरोबर सिंहगड रोडला माझ्या दारात उतरलं.

गिअरकेस उतरवली. इम्पेलर बाहेर काढला तर सहाच्या सहा पाती शाबूत, थोडी एका बाजूला वळलेली, बाकी रबर मऊ. दादाला फोन केला. तो म्हणाला, "त्यो नवाच हाय. मशीन घेतलं तवाच त्यो मालक बोलला, पंप नवा टाकलाय म्हणून." मग तो जुनाच परत घालायला हवा होता. पण इतकं उघडलंय तर बदलून टाकू, म्हणून मुंबईहून पूर्ण किट मागवलं. इम्पेलर, वाटी, खालची पत्रा-पट्टी, चावी, पॅकिंग. सहा दिवस लागले. बसवताना दांडी सरळ दिशेनं फिरवत इम्पेलर वाटीत सरकवायचा, पाती नीट वळतात. वरून येणारी पाण्याची तांब्याची नळी तिच्या रबरी बुशात बसली की नाही हे चाचपडत बघायचं. ते सगळं मी छान केलं.

मग चाचणी. बिल्डिंगच्या मागे, टाकीजवळ निळा २०० लिटरचा ड्रम ठेवला, लाकडी घोडीवर मशीन टांगलं, पंखा काढून ठेवला आणि दोरी ओढली. धार आली ती ड्रमच्या बाहेर, थेट सेक्रेटरींच्या स्कूटरवर. टू-स्ट्रोकचा निळा धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. दहा मिनिटांत सेक्रेटरी खाली आले आणि अत्यंत शांतपणे विचारलं, "हे टँकरचं पाणी आहे ना? नाही, नोंद करायला बरं." मी बंद केलं. दहा मिनिटं चाललं होतं, हात लावून बघितला होता, गरम पण सोसेल इतपत. धार पहिल्यापेक्षा जोरात. झालं काम!

दादानं ते होडीला लावलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. या वेळी बाविसाव्या मिनिटाला धरलं होतं. चार हजार रुपये खर्चून मी चार मिनिटं मिळवली होती. ड्रममध्ये इंजिनावर बोजाच नसतो, दहा मिनिटं रिकामं फिरवून मी काय सिद्ध केलं होतं? हीच चूक हाताखालच्या पोरानं केली असती तर कारखान्यात मी त्याला उभा आडवा घेतला असता.

त्या रात्री जेवताना मी चौथ्यांदा बायकोला सांगत होतो की धार इतकी चांगली असताना इंजिन तापणं शक्यच नाही. ती निवृत्त नर्स आहे. ताटावरून मान वर न करता म्हणाली, "अहो, घाम फुटला म्हणजे ताप उतरला, असं आम्ही कधी धरलं नाही. मोजलात का तुम्ही?"

मोजला नव्हता. पाण्याचे थेंब आणि हाताचा तळवा यावर माझं सगळं चाललं होतं.

मशीन पुन्हा पुण्यात आलं, या वेळी टोमॅटोबरोबर. बिल्डिंगमध्ये आता सोय नव्हती, म्हणून नऱ्ह्यात ओळखीच्या एका फॅब्रिकेटरच्या शेडमागे ड्रम मांडला. तापमान मोजायला घरातून करोनाच्या काळातली कपाळावर धरायची बंदूक आणली. इंजिन पाच मिनिटं चालल्यावर ती हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावर धरली. ती माणसाच्या तापासाठी केलेली, चाळिशीच्या थोडं पुढे गेलं की हात टेकते. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, 'हाय'. शेडमधला पोरगा हसून लोळायचा बाकी होता. "काका, ताप हाय म्हणतंय!"

मग तपकीर गल्लीत जाऊन कारखान्यात वापरतात तसली इन्फ्रारेड बंदूक चौदाशेला आणली. हेडवर धरली तर वर ३९, खाली ३४. दोन्ही थंड! हात ठेवला तर चटका बसला. तेव्हा कुठे डोकं चाललं. चकचकीत ॲल्युमिनियम आपली उष्णता नीट सांगत नाही. बंदूक त्यावर आजूबाजूचंच प्रतिबिंब वाचते. दोन्ही सिलिंडरच्या डोक्यावर वायरीची काळी चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर नेम धरला.

इंजिन आयडलच्या जरा वर ठेवलं, ड्रममध्ये नळी सोडली म्हणजे ड्रमचंच पाणी तापायला नको, आणि वहीत दर पाच मिनिटांनी लिहीत गेलो. पाच मिनिटांनी खाली ३६, वर ४४. दहाला खाली ३९, वर ५७. पंधराला ४०, ६८. वीस मिनिटांनी खाली ४१ आणि वर ७६. पंखा नाही, बोजा नाही, तरी. आणि धार ठणठणीत.

खालचं सिलिंडर थंड आणि वरचं गरम. म्हणजे पंप निर्दोष. पाणी पुरेसं चढतंय, खालच्याला मिळतंय, वरच्यापर्यंत जात नाहीये. पांढुरका प्लग ही तापलेल्या सिलिंडरची खूण, आणि तोही वरच्याचाच होता. मी तिथेच शेडमध्ये उलटी बादली ओढून बसलो आणि पाण्याची वाट हातानं चाचपत गेलो. या मशीनमध्ये धारेचा फाटा खालच्या सिलिंडरजवळच होता. त्याच्या पुढची वाट बुजली असेल तर दाब कुठे जाणार? धारेत. आम्ही इतके दिवस जिचं कौतुक करत होतो ती धार वरचं पाणी अडलंय म्हणूनच इतकी जोरात होती.

आता पहिल्या दिवशी करायची राहिलेली गोष्ट केली, थर्मोस्टॅट उघडला. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसं तापलं की तोंड उघडणारी झडप. तो वर, एका छोट्या झाकणाखाली, दोन बोल्टांवर. पहिल्या वेळी बोल्ट हलेनात म्हणून 'धार चांगली आहे, थर्मोस्टॅट कशाला बघायचा' असं स्वतःला समजावून सोडून दिला होता. या वेळी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. झाकण निघालं. आत थर्मोस्टॅट नव्हताच! जागा रिकामी, आणि कडेला राखाडी-पांढरा थर, खडीसाखरेसारखा कडक.

थर्मोस्टॅट आपोआप गळून पडत नाही. कुणीतरी काढला होता. मशीन तापतंय म्हटलं की बरेच जण आधी हेच करतात, पाण्याच्या वाटेतला अडथळा कमी होईल म्हणून. तेव्हा हे मशीन दादाकडे यायच्या आधीही तापत होतं. आणि आधीच्या मालकानं पंपही नवा टाकला होता. का टाकला? कारण जुना तुटला. तुटलेली पाती गेली कुठे? पंपातून सुटलेला रबराचा तुकडा पाण्याबरोबर वरच जातो. माझ्या हातात सहा शाबूत पात्यांचा इम्पेलर आला तेव्हा मी तो विषय बंद केला होता, पण तो दुसराच इम्पेलर होता. तुकडे त्याच्या आधीच्याचे असणार.

हेडचं कव्हर उघडायचं म्हणजे सहा मिलिमीटरचे बोल्ट, आणि सगळे हर्णैच्या समुद्राच्या मिठानं ॲल्युमिनियमशी एकजीव झालेले. इथे मी दोन दिवस घेतले आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही. स्प्रे, मग हीट गननं कव्हर गरम करायचं, बोल्टाच्या डोक्यावर हलके ठोके, मग आधी किंचित आवळायचं, कट्ट असा आवाज आला की सैल करायचं, पुन्हा आवळायचं. एकेकाला पाऊण तास. शेवटून दुसरा तरी तुटलाच. फॅब्रिकेटरनं तुटलेल्या खुंटावर नट ठेवून आतून वेल्डिंगचा टिपका दिला. लोखंडाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, आणि त्या तापानं मीठही सुटतं. लालसर असतानाच पान्हा लावला आणि खुंट लोण्यातून काढावा तसा बाहेर आला. त्या पोरानं त्याचे पैसे घेतले नाहीत. "काका, होडीतून एक चक्कर," म्हणाला.

कव्हर निघालं. खालच्या सिलिंडरभोवतीची पाण्याची वाट बऱ्यापैकी मोकळी, तळाशी उजनीचा काळा गाळ. वर जाणारी गल्ली मात्र त्या पांढऱ्या थरानं निम्मी भरलेली, आणि उरलेल्या निम्म्यात रबराचे दोन तुकडे. अंगठ्याच्या नखाएवढे, आजूबाजूला मीठ धरून दगडासारखे झालेले. चिमट्यानं निघेनात, सायकलच्या स्पोकचा आकडा करून उपसले. मी ते धुतले आणि नव्या इम्पेलरच्या पात्याशेजारी ठेवून बघितले. कडेची गोलाई तंतोतंत जुळली. बराच वेळ नुसता बघत बसलो.

थर काढायला शेजारच्या गॅरेजवाल्यानं ॲसिड सुचवलं, संडास साफ करायचं. ते मिठाचा थर खाईल आणि पाठोपाठ ॲल्युमिनियमही खाईल. आधी कोमट पाणी तीनदा ओतून ठेवलं, नुसतं मीठ होतं तेवढं त्यातच विरघळलं. मग पांढरा व्हिनेगर दोन तास. बारीक फेस आला, खडे भुसभुशीत झाले, नायलॉनच्या ब्रशनं निघाले. शेवटी नळी लावून खालून पाणी सोडलं, ते वरच्या सिलिंडरमधून सणकून बाहेर आलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो, तेही मोजून घेतलं, कारण इतक्या वेळा धरल्यावर वरचं सिलिंडर ओरखडलं असेल अशी धास्ती होती. खाली ११०, वर १०४. दादाचं नशीब.

नवं गॅसकेट, नवा थर्मोस्टॅट. तो बसवण्याआधी दोऱ्यानं बांधून दुधाच्या पातेल्यात सोडला, शेजारी थर्मामीटर, आणि पन्नासच्या पुढे त्याचं तोंड उघडताना डोळ्यानं बघितलं. पातेलं दुधाचं वापरल्याबद्दल जे ऐकायला मिळालं ते इथे लिहीत नाही. बोल्टांना ग्रीस लावलं, मधून बाहेर अशा क्रमानं, दोन फेऱ्यांत आवळले. मग ड्रममध्ये पुन्हा वही घेऊन वीस मिनिटं. खाली ५२, वर ५४. थर्मोस्टॅट आल्यामुळे खालचं थोडं चढलं होतं, तसंच हवं असतं. फार थंड इंजिनही नीट जळत नाही.

मार्चच्या शेवटी मशीन होडीला लागलं. मी गेलो नाही, दादाला काळ्या पट्ट्या कुठे लावल्यात ते दाखवून बंदूक त्याच्याकडे देऊन ठेवली होती. सकाळी साडेसातला फोन.

"अरं, धार बारीक झाली," दादा म्हणाला. आवाजात काळजी. "पयलीच्या निम्मी बी न्हाई. तू काय बिघडवून ठिवलं का?"

"दादा, धारेकडं बघू नकोस. बंदूक काढ."

"चालू मशीनवर?"

"कव्हर काढून, काळ्या पट्टीवर धर. वरच्या फिरत्या चाकापासून हात लांब. किती वेळ चालवलंस?"

"अर्धा तास झाला. फुल्ल."

वाऱ्याचा आवाज, मशीनचा आवाज, मग दादा आकडे वाचायला लागला. खाली सत्तावन्न. वर एकोणसाठ. थोड्या वेळानं पुन्हा, सत्तावन्न, साठ. मी इकडे वहीत लिहून घेत होतो. मग बराच वेळ नुसता मशीनचा आवाज आला.

"दादा?"

"रोहिताला लावून बघितली," तो म्हणाला. "सव्वीस दाखवतीय."

मी त्याला सांगायला लागलो, की या बंदुकीनं बारा फुटांवरून एक फुटाचा गोल वाचला जातो, तेव्हा इतक्या लांबून तू पक्षी मोजत नाहीयेस, पाणी मोजतोयस. पण तोवर त्यानं मूठ पिळली होती.